डोक्यामागचा उजेड

सकाळी शाळेला निघाले, तर आमच्या दुकानाच्या दारात चपलांचा ढीग. दुकानात शिरताना चपला काढायची पद्धत आमच्याकडे कधीच नव्हती. रांग पार कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेलेली, आणि औषधवाला रिकाम्या काउंटरमागून ती बघत बसलेला. आत एक बाई कप छापायच्या प्रेसला हात लावून तो डोळ्यांना लावत होती. प्रेस तापलेला. बोट चांगलंच भाजलं, तर तिला त्याचंही कौतुक.

दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. एक संगणक, एक प्रिंटर, पांढऱ्या कपांची खोकी आणि टेबलावर तो प्रेस. वाढदिवसाचे, निवृत्तीचे, कंपन्यांच्या चिन्हांचे कॉफी-मग इथं छापले जातात. मी त्यांना कपच म्हणते. 'मग' म्हटलं की समोरचा विचारतो, मग काय? पण त्या दिवशी कुणालाही वाढदिवसाचा कप नको होता. सगळ्यांना एकच कप हवा होता, प्रवचन देणाऱ्या एका बाबांच्या फोटोचा. कारण त्या कपावर बाबांच्या डोक्याभोवती फिकट, गोल गरगरीत वलय उमटत होतं. संगणकातल्या फोटोत ते नव्हतं, छापलेल्या कागदावर नव्हतं, पण कप प्रेसमधून बाहेर आला की हजर. एका कपावर नाही, प्रत्येक कपावर.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझं डोकं लवकर तापतं. आमचे हे अगदी उलटे, अंगावर छप्पर कोसळलं तरी 'बघू' म्हणतील. त्या दिवशीही ते गर्दीत मान खाली घालून कपांना कागद चिकटवत होते. मी त्यांच्याकडे रागानं बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि मी शाळेत गेले.

या उजेडाचा जन्म कसा झाला तेही ऐका. माझे सासरे, घरात सगळे त्यांना दादा म्हणायचे, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हात सुरेख, जीभ कडू. मुलाकडून अक्षर वाकडं आलं, रंग ओघळला की ते सगळ्यांसमोर म्हणायचे, "काय उजेड पाडलास!" सासरे गेले, ते वाक्य मात्र घरात राहिलं. ह्यांनी ते स्वतःच उचललं. कपावर कुठं फिकट डाग राहिला की त्याला आमच्या दुकानात 'उजेड' म्हणतात. आज दोन कपांत उजेड आला, म्हणजे दोन कप वाया गेले. इतकं साधं.

आता हे बाबा. पूर्वी ते दारोदार गाद्या विकायचे. मग फर्निचरच्या गोदामावरचा हॉल भाड्यानं घेऊन मनःशांतीवर बोलायला लागले. खुर्च्या भरत नव्हत्या, म्हणून वाटायला स्वतःच्या फोटोचे कप करायला टाकले. फोटो बरोबर मधोमध हवा, ही अट. ह्यांनी छापला आणि फोन केला, "साहेब, तुमच्या डोक्यामागं उजेड आलाय. चालेल, की पुन्हा काढू?"

"काही करू नका, मी येतो," असं पलीकडून आलं म्हणे. मग बाबा स्वतः आले, कप उजेडाला धरून बघितला आणि म्हणाले की असेच सगळे काढा. जाताना प्रेसकडे बोट दाखवून बजावलं, यात काही दुरुस्ती करू नका, आणि माझा फोटो अजिबात इकडे-तिकडे हलवू नका. हे त्यांचं वाक्य लक्षात ठेवा. ज्याला आपल्या तेजाची खात्री आहे तो फोटोच्या जागेची काळजी कशाला करेल?

पुढच्या सभेत बाबांनी कप उंच धरला. म्हणाले, छापणाऱ्यानं स्वतः फोन करून सांगितलं, मी विचारलंसुद्धा नव्हतं! हॉल भरायला वेळ लागला नाही. उजेड आता आजार बरे करू लागला. या कपातून कोमट पाणी प्यायचं, बस. बाबांची वाक्यंही तेजाळली. "सुई शोधायला उजेड लागतो, पण उजेड असला की सुई लागत नाही." याचा अर्थ मला विचारू नका, त्यांनाही विचारू नका. लोक मात्र माना डोलवायचे, आणि पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जास्त मान डोलवायच्या त्या आमच्या वन्सं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात. लहानपणापासून मधुमेह. त्यांचं शरीर इन्सुलिन तयारच करत नाही, त्यामुळे सुई हा त्यांच्या जेवणाचाच भाग. ती सुई त्यांनी आधी सकाळची सोडली आणि मग रात्रीचीही. मला कळलं ते फ्रीजमधल्या बाटल्या हलल्या नव्हत्या म्हणून. पाण्याचा जग उशाशी, सारखी तहान, डोळे खोल गेलेले. डॉक्टरांना फोन लावला तर ते माझ्यावरच ओरडले की हा पोरखेळ नाही, बाई जातील.

मी वन्संना समजावलं. रागावले, रडलेसुद्धा. प्रेस बिघडलाय, त्यात तेज-बिज काही नाही, असं स्वच्छ सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या की तुला सगळंच बिघडलेलं दिसतं. मग त्यांनी भावाला हाक मारली.

"छोट्या, तू सांग. तू म्हणशील ते मी ऐकेन. हा उजेड खरा का?"

ह्यांनी जमिनीकडे बघितलं आणि पुटपुटले, "सांगता येत नाही, ताई."

माझा जो संताप झाला तो काय सांगू. स्वयंपाकघरात भांडी घासताना मी ह्यांना धारेवर धरलं. बहीण मरायला टेकली आहे आणि तुम्हाला सांगता येत नाही? ते फडक्यानं तोच एक कप पुसत राहिले. मग त्यांनी एक तोड काढली. इन्सुलिनच्या बाटलीचा फोटो काढू, कपावर त्याच जागी छापू, बाटलीभोवतीही वलय येईल. ताईला सांगू की औषधातही उजेड उतरलाय. ती लगेच सुई घ्यायला लागेल.

खोटं कशाला बोलू, माझं मन डळमळलं. जीव वाचत असेल तर काय बिघडतं, असं वाटून गेलं. पण लगेच उमगलं की उद्या बाबा म्हणाले, उजेड बाटलीवरून उठला, तर वन्सं पुन्हा सुई ठेवून देतील. दोरी तर बाबांच्याच हातात राहणार. मी ह्यांना म्हटलं की खरं सांगायला तुमची जीभ का उचलत नाही ते आधी सांगा.

तेव्हा हा माणूस बोलला. "आख्खा जन्म 'काय उजेड पाडलास' ऐकण्यात गेला गं. परवा ताई चारचौघांत म्हणाली, माझ्या भावाच्या हातून उजेड आला. दादा असते तर त्यांना दाखवला असता. तिला काय सांगू, की हीसुद्धा चूकच आहे?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण राग जाऊन उपयोग नव्हता, वरच्या खोलीत वन्संना उलटी झाल्याचा आवाज येत होता. वर धावले, दवाखान्यात चला म्हणून हात जोडले. त्यांचा एकच हट्ट, उद्या हॉलमध्ये बाबा सगळ्यांसमोर कप छापणार आहेत, तो घेतला की बरं वाटेल. डॉक्टरांना घरी बोलावलं तर दार लावून घेतलं.

बाबांनी प्रेस हॉलमध्ये मागवला होता. गाजावाजा करायचा, लोकांच्या डोळ्यांदेखत उजेड उतरवायचा, असा बेत. आम्ही पोचलो तेव्हा व्यासपीठावर टेबल, टेबलावर प्रेस, त्यामागे आमचे हे. वन्संना मी अक्षरशः धरून पहिल्या रांगेत बसवलं. त्यांना धाप लागत होती आणि श्वासाला उतरत आलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. त्या वासाचा अर्थ डॉक्टरांनी मला फोनवर सांगून ठेवला होता. मी बाहेर जाऊन ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि थेट व्यासपीठावर चढले.

ह्यांच्या कानाशी म्हटलं, "रक्तात विष भरत चाललंय त्यांच्या. आणि तुम्ही सांगितल्याशिवाय त्या सुई टोचून घेणार नाहीत."

पहिला कप तेवढ्यात तयार झाला. डोक्याभोवती वलय, हॉलभर हुंकार. बाबांनी डोळे मिटून हात पसरले. ह्यांनी बहिणीकडे बघितलं. मग दुसरा कप घेतला, कागद कपाला लावला आणि चिकटपट्टी लावण्याआधी तो दोन बोटं वर सरकवला. माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रेसचा जबडा मिटला. आम्ही वाट बघत उभे राहिलो.

कप बाहेर आला. ह्यांनी तो उंच धरला. डोकं साधंसुधं, आणि वलय बाबांच्या ढेरीभोवती.

बाबांनी डोळे उघडले आणि त्यांना ते वलय दिसलं. पण मुरलेला माणूस, लगेच सावरले. म्हणाले, उजेड खाली उतरला आहे, तुमच्या भुकेसाठी उतरला आहे. मागून कुणीतरी म्हणालं, "बाबांच्या पोटात?" आणि हॉल हसला. त्या हसण्यानं जे केलं ते माझ्या शंभर भाषणांनी झालं नसतं.

हे मात्र हसले नाहीत. ते खाली उतरून बहिणीसमोर गुडघ्यांवर बसले.

"ताई, हा उजेड नाही गं. माझं काम चुकलंय. प्रेसची गादी फुगलीय आणि मी ती बदलली नाही."

वन्संनी त्यांच्याकडे बघितलं. ओठ कोरडे पडले होते, आवाज जेमतेम फुटला.

"म्हणजे छोट्या, आताही तू बिघडवलंसच?"

"हो, ताई. मीच बिघडवलं. आता दवाखान्यात चल."

त्यांनी हात पुढे केला. हे तिथंच लहान मुलासारखे रडले आणि मला ते बघवलं नाही.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत लोकांनी मला घेरलं. काहींना राग आला होता, काहींना खरंच कळून घ्यायचं होतं. शिकवायची सवय कामाला आली. मी प्रेस बंद केला आणि मोबाइलचा उजेड त्याच्या आतल्या रबरी गादीवर पाडला. म्हटलं, ही शाई साधी नाही. कपाटातली डांबरगोळी ओली न होता झिजत जाते ना, तशी ही शाई तापली की वितळत नाही, तिची थेट वाफ होते. पुस्तकात याला संप्लवन म्हणतात. ती वाफ कपावरच्या लेपात शिरते आणि चित्र उमटतं. पण त्यासाठी गादी सगळीकडे सारखी टेकायला हवी, सारखी तापायला हवी. इथं बघा, गादीला फोड आलाय. फोडाचा माथा कपाला घट्ट टेकतो, म्हणून तिथं चेहरा ठसठशीत येतो. फोडाभोवतीची गादी मात्र उचलली जाते, तिथं दाब नाही, ताप नाही, म्हणून शाई कागदातच राहते. तेच तुमचं वलय. तिथं भोपळा ठेवा, भोपळ्यालाही येईल. एरवी आमचे हे कुठलंही चित्र बाजूला सरकवून छापायचे, म्हणून वलय कुणाला दिसलं नाही. बाबांनी मात्र जागा हलवू दिली नाही.

हे ऐकून जो तो बाबांना शोधू लागला, तर ते मागच्या जिन्यानं पसार झालेले. गाद्या विकणाऱ्याला शेवटी एका फुगलेल्या गादीनंच तोंडघशी पाडलं.

वन्सं वाचल्या. थोडक्यात वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. पण सगळं सुरळीत झालं असं समजू नका. आमच्या समोर राहणाऱ्या शिंपीणबाई त्यानंतरही त्याच कपातून पाणी प्यायच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या खणात ठेवायच्या. मी रोज जायचे, रोज सांगायचे, त्या चहा करायच्या आणि विषय बदलायच्या. बाबा दुसऱ्या कुठल्यातरी गावी हॉल शोधत असतील, या विचारानं मला अजून झोप लागत नाही.

नवी गादी आली. ह्यांनी ती बसवली, दाब पुन्हा पुन्हा तपासला आणि मग पहिला कप वन्संसाठी छापला. नुसता निळा, काठापासून बुडापर्यंत, कारण साध्या सपाट रंगात चूक लपत नाही. वन्संनी आधी सुई घेतली, मग तो कप हातात घेतला. चष्मा लावून कपाच्या कानापासून पुन्हा कानापर्यंत फिरवून बघितला. आम्ही दोघं दारात उभे.

"कुठंच उजेड नाही रे," त्या म्हणाल्या.

"नाही, ताई."

"छान काम केलंस."

ह्यांनी मान वळवली आणि उगाच खिडकीची कडी काढून पुन्हा लावली. त्यांचे डोळे भरून आले होते. दोघांनाही मी तसंच राहू दिलं आणि त्याच कपात बिनसाखरेचा चहा ओतला.

दुपारी वन्सं स्वतः जिना उतरून शिंपीणबाईंकडे गेल्या, बाबांचे दोन्ही कप घेऊन, एक डोक्यावर उजेडाचा आणि एक पोटावर. मी मागोमाग गेले. त्यांनी दोन्ही कप टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि जे सांगितलं तेच मला तुम्हालाही सांगायचं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, कागद दोन बोटं सरकवून बघू का? तो नको म्हणाला, तर तुमची गोळी तुम्ही घ्या.

शिंपीणबाई दोन्ही कपांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खण उघडला.