फुंकायच्या मशीनचा तोरा

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. कोणी दारू पिऊन कामावर आलं की त्याच्या श्वासावरून ओळखणारी. माझं छापील नाव लांबलचक आहे, पण लातूरमधल्या आमच्या शाळेच्या बसतळावर मला सगळे ‘फुंकायची मशीन’च म्हणतात.

कारखान्यात माझ्या हजारो बहिणी होत्या. त्या कुठे गेल्या कोण जाणे! मी शाळेत आले, आणि खरं सांगते, मला त्याचा भारी तोरा आहे. रोज सकाळी अकरा ड्रायव्हर माझ्यापुढे रांग लावतात. नळीत फुंकायचं, मी शून्य दाखवलं की ते फळ्यावर आपल्या नावापुढे खडूने लिहायचं आणि रेणुकादास सरांकडून बसची चावी घ्यायची. सर आमच्या बसगाड्यांचे व्यवस्थापक. माझ्या शून्याशिवाय ते मुख्याध्यापकांनाही चावी देणार नाहीत.

दोन वर्षांपूर्वी श्रीमंत नावाचा ड्रायव्हर तोंडात मूठभर बडीशेप कोंबून आला आणि फुंकला. बडीशेपेने नाक फसतं, मी नाही! आकडा दिसला तसा त्याचा चेहरा उतरला. सरांनी आरडाओरडा केला नाही. त्याला नांदेडच्या व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं आणि बरा झाल्यावर पुन्हा कामावर घेतलं. परतला त्या सकाळी त्याच्याजवळ कोणी बसेना. आनंदराजकाकांनी मात्र आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्याच्यापुढे सरकवला.

आनंदराजकाका सगळ्यांत ज्येष्ठ ड्रायव्हर. पंचशील मनापासून पाळणारे, दारूच्या थेंबालाही कधी न शिवलेले. सतरा वर्षांत एक खाडा नाही. त्यांनी फुंकलं की शून्य दाखवताना माझीच मान ताठ व्हायची.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. काकांनी फुंकलं, मी शून्य दाखवलं. त्यांनी खडू उचलला आणि ते शून्य चुकून श्रीमंतच्या नावापुढे लिहिलं. मग चावी घ्यायला वळले, तर श्रीमंत वाटेत आडवा उभा.

“भाऊ, आज चावी घेऊ नका.”

“का? मी पिऊन आलो म्हणतोस?”

“न्हाई भाऊ. पण तुमचे डोळे मिटून राहिलेत.”

“पंचशील पाळणारा माणूस हाय मी! मशीन बघ की, शून्य हाय!”

“दारूचं शून्य हाय, झोपेचं न्हाई.”

मला तर असा संताप आला म्हणून सांगू! माझं शून्य खोटं ठरवणारा हा कोण? आणि तोही श्रीमंत! पण त्याच्याकडे बघितलं तर त्याचे डोळे भरून आले होते. ज्या माणसाने त्याला माणसांत घेतलं, त्यालाच तो चारचौघांत अडवत होता.

सरांनी काकांना खुर्ची दिली आणि हळू आवाजात विचारपूस केली. काकांची आई नांदेडला दवाखान्यात होती. तीन रात्री ते तिच्या उशाशी बसून होते, पहाटे एसटीने परतायचे. त्यात सर्दीची गोळी घेतली होती, तिने डोक्यात गुंगी भरली होती.

“सुट्टी का नाही मागितलीत?” सर म्हणाले.

“कधी मागितलीच न्हाई सर. लाज वाटली.”

त्यांच्या बसमध्ये बेचाळीस मुलं बसणार होती. काकांनी एकदा बसकडे बघितलं आणि चावीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. सरांनी हजेरी लावून त्यांना तिथेच आडवं व्हायला सांगितलं. बदली ड्रायव्हर बस घेऊन फाटकाबाहेर पडायच्या आत काका बाकावर बुटांसकट घोरायला लागले होते.

मग माझा राग निवला. ते घोरणं रस्त्यावर, स्टिअरिंगवर सुरू झालं असतं तर? माझं शून्य खरंच होतं, पण त्या मुलांच्या काही कामाचं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्याआधी सर विचारतात: झोप झाली का? औषध कोणतं घेतलं? घरी सगळं बरं आहे ना? खरं सांगणाऱ्याच्या कामावर गदा येणार नाही, हेही त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं. पहिले काही दिवस सगळे “हाव, बरं हाय” एवढंच म्हणायचे.

मग एका सकाळी आनंदराजकाका रांगेतून पुढे आले. “सर, आज मला गाडी देऊ नका. अंगात ताप हाय.” कोणी हसलं नाही. श्रीमंतने त्यांच्यासाठी बाकावर जागा केली. मित्रांनो, मी पुष्कळांना पकडलं, पण इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

मला जपा, माझी वेळच्या वेळी तपासणी करा, हे तर मी सांगेनच. पण मी श्वास ओळखते, थकवा ओळखत नाही. तेव्हा उद्या बसमध्ये चढताना ड्रायव्हरकाकांच्या तोंडाकडे एकदा बघा आणि विचारा, “काका, झोप झाली का?” एवढं विचारायला मशीन लागत नाही.