उजव्या हाताची साखर

"चारशे बारा," पांढऱ्या कोटातल्या समीक्षानं माईकवर रुखमाबाईंच्या रक्तातल्या साखरेचा आकडा वाचला आणि टेकडीवर जमलेली दोनशे माणसं हळहळली. रुखमाबाई उठल्या, शेजारच्या कुंडात सात वेळा उजवा हात बुडवून, चोळून परत आल्या. त्याच हाताच्या बोटाला पुन्हा सुई टोचली.

"एकशे बहात्तर."

लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. काही जण रुखमाबाईंच्याच पाया पडू लागले.

पहाडीबाबानं माईक घेतला. "शहर रक्तात साखर भरते. पहाड ती ओढून घेते. डॉक्टर लोक पोटात सुया खुपसतात. माहा पहाड सुई नाही मागत, श्रद्धा मागते."

दोन सुया नुकत्याच टोचून झाल्या होत्या. उर्वशीशिवाय ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

अकरा वर्षं तिनं पुण्यात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम केलं होतं. यंदा नवरा राजदीपनं नोकरी सोडली, फ्लॅट विकला आणि दोघं महागावजवळच्या या डोंगरात, त्याच्या आजोळी राहायला आली. त्याला सगळं नव्यानं सुरू करायचं होतं. पण चौदाव्या वर्षी जडलेला आजार त्याच्यासोबत घाट चढून आला. त्याचं शरीर इन्सुलिन बनवतच नव्हतं.

मागच्या सोमवारी याच कुंडानं त्याची साखर चारशे शहाऐंशीवरून एकशे साठवर आणली होती. कालपासून त्यानं इन्सुलिन घेतलं नव्हतं. आज तो इन्सुलिनची दोन्ही पेनं कुंडात सोडणार होता.

"राजदीप, तू चार दिवस जगणार नाहीस," ती हळू आवाजात म्हणाली.

"तुले मी बरा झालेला पाहवत नाही," तो म्हणाला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "पुणं सोडलं, पण तू लॅब सोडली नाहीस."

तो उठला. उर्वशी त्याच्याआधी पुढं गेली.

"महाराज, पहिले माही मोजा."

"ये बेटी. शहराचं जहर तुह्यातही असंल."

तिच्या उजव्या तळहातावर पंचामृत पडलं. मध, दूध, कुस्करलेलं केळं. तिनं ते प्यायलं आणि सगळे करत होते तसंच केलं: ओला हात डोक्यावरून फिरवला. प्रसादाचा हात कुणी धूत नाही. मग तिनं तेच चिकट बोट पुढं केलं.

"तीनशे नव्वद."

"पाह्यलं?" बाबा खूश झाला. "वरून धडधाकट, आतून सारं शहर."

उर्वशीनं डावा हात पुढं केला. "आता हा."

समीक्षानं बाबाकडे पाहिलं. रुखमाबाई खेकसल्या, "मोज ना वं. तुया घरची पट्टी हाय काय?"

आकडा समीक्षानं माईकवर वाचला नाही. उर्वशीनं मशीन हातात घेऊन वाचला. "चौऱ्याण्णव."

बाबानं घसा साफ केला. "उजवा हात कर्माचा. माणूस पाप उजव्या हातानं करते, म्हणून साखर तिथं जमा होते."

"महाराज, मी डावखोरा हाओ," मागून कुणीतरी म्हणालं. "माही कुठं पाहाता?"

लोक हसले. उर्वशी तोवर खालच्या हापशीवर गेली, उजवा हात खसखसून धुतला, पुसला आणि परत येऊन तेच बोट पुन्हा टोचलं. शहाण्णव.

"हे कुंडाचं पाणी नाही, हापशीचं आहे," ती म्हणाली. "साखर रक्तात नव्हती, बोटावर होती. मध अन् केळं बोटाले चिकटते, रक्ताच्या थेंबात मिसळते अन् मशीन तेच मोजते. कुंडात हात धुतला की फक्त प्रसाद धुतला जाते."

"म्हंजे माही पहिलेपासून एकशे बहात्तरच होती?" रुखमाबाईंनी विचारलं.

"हो मावशी. तुमच्या गोळ्यांनी ती ताब्यात आहे."

रुखमाबाईंनी कुंडात टाकायला आणलेली गोळ्यांची पाकिटं कमरेला खोचली. बाबाकडे पाहून म्हणाल्या, "मेल्या, मले मारायले निघालता तू."

राजदीप हापशीवर गेला. हात धुऊन आला आणि बोट उर्वशीपुढं धरलं. तीनशे अडतीस. हात स्वच्छ होता. हा आकडा खरा होता.

"श्रद्धा कमी पडली तुही," बाबा म्हणाला.

"श्रद्धा नाही, इन्सुलिन कमी पडलं," उर्वशी म्हणाली.

राजदीपनं सदरा वर केला आणि सगळ्यांसमोर पोटात पेन टोचलं. बायकोकडे त्यानं पाहिलं नाही. "मले इथं नवीन माणूस व्हायचं होतं," तो पुटपुटला.

"हो ना. पण जिवंत राहून. चल, आता दवाखान्यात."

बाबाची जीप निघायला लागली, पण आठ-दहा जण तिच्यासमोर बसले आणि एकानं महागावच्या ठाण्यात फोन लावला. जाण्याआधी उर्वशीनं माईक उचलला. भाषण तिला जमत नसे.

"हात धुवा, मग साखर मोजा. अन् डॉक्टरले विचारल्याबिगर औषध बंद करू नका. कोणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवायच्या आधी म्हणा, दुसऱ्या हातावर करून दाखव."