दगडाची कड

तीस वर्षं ती गिरणीच्या रंगखात्यात छटा जुळवत आली. डाळिंबी, विटकरी, शेंदरी, राणी, उन्हाने उडालेला लाल, धुऊन विटलेला लाल... झोपेतून उठवून विचारलं तरी लालच्या बावीस तऱ्हा तिने सांगितल्या असत्या. नवऱ्याचं बाजारात पलंगाएवढं कुलूप-किल्ल्यांचं दुकान. त्याला लाल आणि हिरवा जन्मापासून एकच, दोन्ही मातकट. टोमॅटो तो बघून नाही, दाबून आणायचा. एकदा हौसेने घराचं दार चॉकलेटी रंगवलं, ते निघालं हिरवंगार. तेव्हा कमरेवर हात ठेवून ती म्हणाली होती, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" ते वाक्य पाहुण्यासारखं घरात आलं आणि घरजावयासारखं राहिलं.

ती निवृत्त झाली तेव्हा लेकीने दोघांना आठ दिवस समुद्रावर धाडलं. खोलीच्या दारात माड, पुढे पांढरी वाळू, आणि तिच्याही रंगांच्या वहीत नसलेलं निळं पाणी. तिसऱ्या दिवशी पाण्याखाली जायचं ठरलं. तो पायरीवर बसून बोटांमधली वाळू झाडत होता.

"तू जा. पोवळ्यांचं रंगीत गाव मी बघून काय करू? मला सगळी मातीच."

"मी सांगेन ना कुठलं कसं आहे ते."

"कशी सांगशील? तोंडात नळी असणार."

ते तिच्या जिवाला लागलं. बागेत, बाजारात, लेकीच्या लग्नात, सगळीकडे तीच त्याच्या कानाशी लागून रंग सांगत आली होती. तिथे खाली तो कानच मिटणार. "तू एकटी घाबरशील" म्हणून तो निघाला खरा. पण हा माणूस एवढ्या खोल जाऊन रिकाम्या डोळ्यांनी वर आला तर? नाव सुटेपर्यंत तिला तेवढीच एक धास्ती होती.

नावेवर त्यांना खाली नेणारी मुलगी भेटली. मिठाने भेगाळलेल्या टाचा, गळ्यात शिट्टी.

"पाणबुड्याचं स्त्रीलिंग काय हो?" त्याने विचारलं. "पाणबुडी म्हणावं, तर अख्खं जहाजच होतं."

"जहाजच समजा काका. बुडते आणि परत वर येते, एवढं पुरे." मग ती खुणा शिकवू लागली. बोटांचं कडं केलं की ठीक. अंगठा वर केला की वर चला. "काकू, आनंदाच्या भरात अंगठा दाखवू नका हं, मी खरंच वर आणीन."

बायकोने आपल्या मनगटाला कापडाची एक पट्टी बांधली. गिरणीतला तिचा सगळ्यात लाडका लाल.

"हे काय आता?"

"नमुना. खालचा लाल याला जुळतो का बघते."

"सुट्टीतही कामावर!"

मग पाणी डोक्यावरून मिटलं.

आधी ऐकू आला स्वतःचा श्वास. कुणी शेजारी झोपलंय आणि त्याच्या श्वासाने आपण जगतोय, असा. वर पाहिलं तर नाव एखाद्या पानासारखी उजेडावर पडलेली. मासे आले, थव्याने वळले, आणि वळताना सगळ्यांच्या अंगावरून एकच लखाख रेघ धावली. तिला हात जोडावेसे वाटले. पण एक हात त्याच्या हातात होता.

तळाशी, बारा मीटरवर, पोवळ्यांचं गाव होतं. फांद्या, पंखे, घुमट, झालरी. तिने हौसेने मनगट पुढे धरलं.

पट्टी काळी होती.

तिने ती चोळली, चष्म्याच्या काचेशी नेली. काळपट, राखाडी, मेलेली. डोळे गेले! तीस वर्षं ज्यांच्यावर भाकरी खाल्ली ते गेले! तिने नवऱ्याला ओढलं, मनगट त्याच्यापुढे नाचवलं. त्याने नीट पाहिलं आणि शांतपणे बोटांचं कडं केलं. ठीक आहे की.

त्याला ती पट्टी रोजच्यासारखीच दिसत होती.

ती तशीच तरंगत राहिली. तर लाल गेलेलं जग असं असतं. या जगात हा माणूस साठ वर्षं राहिला, इथूनच रोज कामावर गेला, इथूनच हसला. आणि आपण दाराशी उभं राहून काय म्हणत आलो!

तेवढ्यात त्याने तिचा हात दाबला. समोरच्या दगडाकडे बोट. तिला दगड दिसला. त्याने पाण्यातच बोटाने एक रेघ काढली, किल्लीचे दाते दाखवताना काढायचा तशी. तरी दगडच. मुलगी आली, तिने पाहिलं, नकारार्थी हात हलवला. पण तो हटेना. पुन्हा तीच रेघ, सावकाश.

आणि दगडाने डोळा उघडला.

एक अष्टपाद दगडापासून सुटला, सांडल्यासारखा. आठ पायांचं ते पाणीच होतं. वाळूवर आला तेव्हा वाळू झाला, कण न् कण. शेवाळावर गेला, शेवाळ झाला. कुठली छटा चुकली नाही, कुठे डाग राहिला नाही. रंगखात्यात एवढं जुळवायला तिला आठवडा लागायचा. मुलीने विजेरी पेटवली आणि अख्खं गाव पेटलं. लाल, लाल, बावीसच्या पुढचे लाल! मनगटावरची पट्टी धगधगली. रंगाच्या कढईवर ती गुणगुणायची, ती ओवी तोंड बंद असताना तिच्या छातीत फिरू लागली:

सुताच्या गं लडीवर, हळू तांबडं फुटतं
झोपलेल्या पाण्यालाही, लाल सपान पडतं

उजेडात अष्टपाद क्षणभर थांबला, तिच्या पट्टीसारखा गडद लाल झाला, आणि शाईचा एक ढग ठेवून नाहीसा झाला.

तिने दोन्ही अंगठे वर केले. आनंदाने. मुलीने मुकाट्याने दोघांना वर आणलं.

"अगं, मला छान म्हणायचं होतं!" नावेत नळी काढल्याकाढल्या ती ओरडली. मग दचकून मनगट पाहिलं. उन्हात पट्टी लालभडक. "आणि ही खाली काळी का झाली?"

"खोल गेलं की लाल पाण्यात विरतो, काकू. डोळ्यांना काही झालं नाही." मुलगी तिच्या नवऱ्याकडे वळली. "पण काका, त्या दगडावरून मी शंभरदा गेले असेन. तुम्हाला तो दिसला कसा?"

"दगडाची कड अशी नसते," तो डोकं पुसत म्हणाला. "एक दाता जास्त होता. तुम्ही रंग बघत होता, म्हणून फसलात."

"गंमत सांगू काका? त्या अष्टपादाला स्वतःला रंग दिसत नाहीत म्हणतात. तरी जुळवतो."

ती नवऱ्याकडे बघत होती. केसांतून पाणी गळणारा, किल्ल्या घासून बोटं निबर झालेला तो माणूस. ती हसली, की रडली, खाऱ्या पाण्यात कळलं नाही.

"विजेरी लावल्यावर तो कसल्या रंगाचा झाला गं?" त्याने सवयीने कान पुढे केला.

तिच्या ओठांवर शब्द आला होता, अगदी नेमका, बावीसातला एक. तो तिने तिथेच ठेवला आणि आपला तळहात उघडून त्याच्यापुढे धरला.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, कसा होता तो?"

त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग ओल्या बोटाने तिच्या तळहातावर ती कड काढू लागला, एकेक दाता, सावकाश.