मोकळी वाट

पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढून दिव्यानीने फोन डोक्याच्या वर धरला. आज सकाळपासून गावात नेटची रेंज मिळत होती ती तिथंच. आरमोरीच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती आणि गुणपत्रिका आजच मेलने पाठवायची होती. मेल जात नव्हता. तिने पुन्हा पाठवला. या वेळी पडद्यावर लाल अक्षरं आली : तुमच्या खात्यातलं स्टोरेज पूर्ण भरलं आहे. यापुढे नवीन काही येणार नाही, जाणार नाही.

तिला आधी वैतागच आला. असले मेल महिनाभर येत होते; जास्त जागा घ्या, पहिला महिना सवलतीत घ्या. जाहिरात समजून ती ते बोटाने बाजूला सारायची. मग ‘येणार नाही’ या शब्दांवर तिची नजर पुन्हा गेली, आणि तिने जिन्याचा कठडा घट्ट धरला.

नाल्याकडच्या वाटेवर ऐनाच्या एका झाडाला कॅमेरा बांधलेला होता. समोर काही हललं की तो फोटो काढायचा, आणि त्यातल्या सिमकार्डावरून फोटो थेट दिव्यानीच्या खात्यात येऊन पडायचा. कॅमेरा एका संस्थेने दिलेला. खातं मात्र तिचं स्वतःचं, फुकटातलं. वाघावर लक्ष ठेवायला गावात दल होतं, त्यात बी.एस्सी. झालेली ती एकटीच, म्हणून हे काम तिच्याकडे आलं. मोहफुलांचा हंगाम लागल्यापासून रोज पहाटे बाया टोपल्या घेऊन तिच्या दारावर थांबायच्या. ती फोन बघायची. वाघाचा फोटो नसला की म्हणायची, वाट मोकळी आहे.

या आठवड्यात वाट रोजच मोकळी होती. आजही तिने तसंच सांगितलं होतं.

ती फोटो भराभर मागे सरकवत गेली. सोमवारपासून वाघ नव्हता. गुरं नव्हती, कुत्री नव्हती. ऊन वाढलंय, गुरं तिकडे जात नसतील, असं तिने मनाशी धरलं होतं. पण बायासुद्धा नव्हत्या. बाया तर रोज त्याच कॅमेऱ्यासमोरून जात होत्या.

तिने दलाचा म्होरक्या अजयभाऊ याला फोन लावला. फटाके, रिकामे डबे आणि मिळतील ती माणसं घेऊन तो टाकीखाली आला. एरवी तो तिला ‘शास्त्रज्ञबाई’ म्हणून चिडवल्याशिवाय राहत नसे. आज तिचा चेहरा बघून त्याने शब्द गिळला.

“वाघ हाय का नाई, तेवढं सांग.”

“माहीत नाई, भाऊ. फोटो येऊनच नाई राह्यले.”

“कवापासून?”

“सोमवारपासून.”

मोहाच्या झाडांकडे जायच्या वाटा दोन, एक नाल्यावरून, एक बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवरून. डबे वाजवत चुकीच्या बाजूने शिरलं तर जनावर पुढे पळणार, आणि पुढे बाया वाकून फुलं वेचत असणार. त्यांच्यापैकी एकीचाही फोन तिथे लागत नव्हता.

“त्याले आपनच बायांच्या अंगावर घालू,” अजयभाऊ म्हणाला. “कोनत्या बाजूनं जाऊ, ते पाह्य लवकर.”

न गेलेले फोटो कॅमेरा आपल्या पोटात धरून ठेवायचा आणि जागा मिळाली की पाठवायचा, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे जागा हवी होती. तिने विकत घ्यायचं बटण दाबलं. पैसे जाण्याचं चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि व्यवहार झाला नाही असं सांगून थांबलं. मग तिने खात्यातल्या फाइली उघडल्या, मोठ्यातली मोठी आधी. बाकी सगळे वाऱ्याने हललेल्या गवताचे फोटो होते, हजारोंनी. ते निवडत बसलं तर संध्याकाळ झाली असती. सगळ्यात वर एकच व्हिडिओ होता. लच्छूचं नाटक.

लच्छू शकुबाईचा एकुलता एक मुलगा. गेल्या हिवाळ्यात वडशाच्या एका नाटकमंडळीत त्याला दरोगाचं काम मिळालं होतं, आणि दिव्यानीने पुढच्या रांगेत बसून सगळं नाटक फोनवर घेतलं होतं. संक्रांतीनंतर त्याची मोटारसायकल ट्रकखाली गेली. त्याचा फोनही त्याच्याबरोबरच चिरडला. दिव्यानीच्या फोनमध्ये एवढा मोठा व्हिडिओ मावेना, म्हणून तिने तो खात्यात वर चढवला होता. शकुबाई रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायची, लुगड्याला हात पुसायची आणि म्हणायची, लाव बाई. वर ठेवलेलं कधी जात नाही, असं दिव्यानीनेच तिला सांगितलं होतं.

आज बायांमध्ये शकुबाईही होती.

व्हिडिओ उतरवून घ्यायला फोनमध्ये जागा नव्हती, आणि रेंजही तेवढी नव्हती. तिने तो काढला. लाल अक्षरं तशीच राहिली. काढलेलं आधी कचऱ्यात जातं आणि कचराही जागा खातो. तिने कचरा उघडला. फोनने विचारलं, कायमचं काढून टाकायचं का? हे परत मिळणार नाही.

खाली अजयभाऊने तिच्याकडे मान वर केली. तिने बटण दाबलं.

काही वेळ काहीच झालं नाही. मग फोटो येऊ लागले. सोमवार : बाया एका ओळीत, गुडघा धरून चालणारी शकुबाई सगळ्यात मागे. त्याच्या पुढच्याच फोटोत तीच वाट, तोच अंधूक उजेड, आणि वाघ. मंगळवार : बाया, शकुबाई, वाघ. तिने बोट लावलं नव्हतं, फोटो आपोआप सरकत होते. आजच्या फोटोत त्याची मान खाली होती आणि पुढचा पाय उचललेला.

“नाल्यावरून नका जाऊ,” ती ओरडली. “तो बायांच्या मांगं गेला. पाळीवरून जा, बायांले तिकडूनच आना.”

माणसं पळाली. ती जिन्यावरच बसली. डब्यांचा आवाज लांब गेला, मग फटाके वाजले, मग काहीच ऐकू आलं नाही. ते काहीच नसणं तिला सहन होईना. शेवटी पाळीवर बाया दिसल्या. शकुबाई सगळ्यात मागेच होती आणि अजयभाऊला फैलावर घेत होती. अर्धा मोह झाडाखाली तसाच राहिला, तो आता काय तुह्या वाघानं वेचावा?

संध्याकाळी सगळं गाव फोटो बघून गेलं. वनरक्षकही येऊन गेला. लोक पांगल्यावर शकुबाई आली आणि नेहमीच्या जागी ओट्यावर बसली. तिने फोटो मागितला. दिव्यानीने दाखवला. शकुबाईचं बोट लागलं आणि वाघ एकदम मोठा झाला. तिने बोट मागे घेतलं नाही.

“रोजच होता का हा?”

“रोजच.”

शकुबाईने फोन डोळ्यांजवळ नेला.

“मले समजे का कोनतरी मांगं हाय. पाचोळा वाजे. मी थांबली का तोही थांबे.” तिने पदराने फोनची काच पुसली. “मले वाटलं, लच्छू हाय. म्हनून मांगं वळून नाई पाह्यलं. वळून पाह्यलं का जाते म्हनतात.”

तिने फोन दिव्यानीच्या हातात परत दिला, खांबाला पाठ टेकली आणि लुगड्याला हात पुसले.

“लाव बाई आता.”

दिव्यानीने फोन उघडला. खात्यात आता भरपूर जागा होती.