थॉमसिन नॅनकॅरोने किती वाट पाहिली

पोर्थनेलचं बंदर लहान, चर्च बसकं आणि अभिमान अवाढव्य. अभिमानाचं कारण चर्चच्या फरशीत बसवलेल्या एका पितळी पत्र्यावर कोरलेलं आहे. डावीकडे दाढीवाला कप्तान जॉन नॅनकॅरो, उजवीकडे हात जोडून उभी असलेली त्याची बायको थॉमसिन. कप्तान १५७३ साली गिनीच्या किनाऱ्यापाशी बुडाला, हे खाली लिहिलंय. थॉमसिनच्या नावाखाली 'मरण पावली दिनांक' एवढंच आहे आणि त्यापुढे साडेचार शतकांची कोरी जागा.

या कोऱ्या जागेचा अर्थ गावाने केव्हाच लावून ठेवला आहे. बाई नवऱ्याची वाट पाहत राहिली, इतकी की तारीख कोरायला कारागिराचाही हात धजला नाही. ही गोष्ट आधी पाद्र्याने सांगितली की धक्क्यावरच्या हॉटेलवाल्याने, यावर मतभेद आहेत. हॉटेलचं नाव 'निष्ठावंत पत्नी' आहे, तेव्हा काय समजायचं ते समजा.

दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी काळा झगा घातलेली एक बाई थॉमसिन म्हणून धक्क्यावर समुद्राकडे तोंड करून उभी राहते आणि पाहुणे तिचे फोटो काढतात. गेली तीन वर्षं ही बाई म्हणजे मेरिअल कर्नो. तिचा नवरा केन गेला त्याच आठवड्यात वारसा समितीचे अध्यक्ष डेन्झिल पेंगली, हे पूर्वी घरं विकायचे, सांत्वनाला आले आणि जाताना झग्याचं माप घेऊन गेले. म्हणाले, "मेरिअल, तुमच्या चेहऱ्यावर ते आपसूक येईल." मेरिअलने पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. नको असलेलं काम गळ्यात पडण्याची तिला सवय होती. अशा रीतीने ती गावाची अधिकृत विधवा झाली.

अधिकृत विधवेला अडचणी असतात. तिने लाल स्वेटर घातला की बेकरीत संभाषण थांबतं. ती मोठ्याने हसली की कोणीतरी 'केनला किती आवडायचं हो तुमचं हसणं' असं म्हणून ते हसू परत आत ढकलतं. त्यात तामार नदीपलीकडचा ग्लिन हॉकिन होडीची इंजिनं दुरुस्त करता करता तिच्या आयुष्यात आला. त्याने मार्चमध्ये तिला लग्नाचं विचारलं. तिने विचार करायला वेळ मागितला. विचार तिचा झालेला होता. गावाचं काय करायचं, ते ठरत नव्हतं.

आणि ग्लिन डेव्हनचा, म्हणजे नदीपलीकडच्या शेजारी परगण्यातला. पोर्थनेलमध्ये माणसाने तुरुंगात जाऊन आलेलं चालतं, पण चहाबरोबरच्या स्कोन पावावर आधी साय आणि मग जॅम लावणाऱ्या मुलखातलं असणं चालत नाही.

यंदा समितीला चर्चच्या दारात माहितीफलक लावायचा होता, म्हणून थॉमसिनचं चरित्र शोधायचं काम मेरिअलकडे आलं. तिला ते फार सोयीचं पडलं. दर शनिवारी ती 'जुने कागद बघायला' म्हणून डेव्हनला जाऊ लागली. कागद दोन तास बघायची, उरलेला दिवस ग्लिनकडे. निमित्त म्हणून गेलेला माणूस सहसा काही शोधत नाही. मेरिअलला सापडलं.

समितीची बैठक चर्चच्या सभागृहात भरली. डेन्झिल, पाद्रीबाई ऑड्री आणि फुलांची सजावट बघणाऱ्या जेनिफर रोज. तिघांच्या हातात चहा होता. मेरिअलने कागद वाचून दाखवला. कप्तान बुडाल्याची बातमी १५७४च्या फेब्रुवारीत गावात पोचली. एप्रिलमध्ये थॉमसिनने मासे खारवणाऱ्या एका विधुराशी लग्न लावलं. सहा मुलं झाली. सदतीस वर्षं संसार करून ती त्याच्याशेजारी पुरली गेली. पत्रा तिने स्वतःच घडवून घेतला होता, लग्नाआधी. पुढे ती इथे नव्हतीच, तर तारीख कोण कोरणार? मृत्युपत्रात तिने कप्तानाचं चित्र असलेला कापडी पडदा मोलकरणीला दिला होता, वारा येतो त्या भिंतीला लावायला.

जेनिफरनी बोटांवर महिने मोजले.

"फेब्रुवारी ते एप्रिल," जेनिफर म्हणाल्या. "इतक्यात तर माझा पडदासुद्धा शिवून होत नाही."

"त्याआधी शक्यच नव्हतं," मेरिअल म्हणाली. "तेव्हा ईस्टरच्या आधीचे नऊ आठवडे आणि नंतरचा एक, चर्च लग्नं लावत नसे. बातमी आली तेव्हा ते दिवस सुरू झाले होते. दार उघडलं त्याच दिवशी तिने लग्न केलं. तेव्हा वाट पाहिली हे खरंच आहे, डेन्झिल. फक्त कप्तानाची नाही."

डेन्झिलनी घरं विकताना ओल आलेल्या भिंतींना 'समुद्राचा सहवास' म्हटलेलं होतं. ते इतक्याने खचणारे नव्हते. दुःखाच्या भरात माणूस काहीही करतो, असं काहीतरी लिहिता येईल, म्हणाले. मग त्यांनी सहज विचारलं, ही सदतीस वर्षं कुठे?

"डेव्हनमध्ये."

डेन्झिलनी कप खाली ठेवला. "नाही," ते म्हणाले. "मग 'पुढील आयुष्याविषयी माहिती उपलब्ध नाही' असंच लिहू."

"उपलब्ध आहे. मी आत्ताच वाचली."

"मेरिअल, बाई माझे, लग्न केलं ते समजू शकतो. एकटी होती. पण आपला अख्खा किनारा सोडून नदीपलीकडे? लोक काय म्हणतील?"

"ती मरून चारशे वर्षं झाली. तिला काही ऐकू येत नाही."

"मग तुम्हाला एवढं का लागतंय?" डेन्झिल हसत म्हणाले. त्यांच्या मते विषय संपला होता. शनिवारी साडेदहाला धक्क्यावर या, झगा इस्त्री करून ठेवलाय, हेही त्यांनी सांगून टाकलं.

मेरिअलने कागदाची घडी घातली. "या शनिवारी मी डेव्हनला असेन."

"कागद बघायला?" जेनिफरनी विचारलं. त्यांना बहुधा बऱ्याच दिवसांपासून विचारायचं होतं.

"नाही. ग्लिन हॉकिनकडे. गेले तीन महिने त्याच्याचकडे जातेय."

जेनिफरनी डेन्झिलकडे पाहिलं, डेन्झिलनी छताकडे. पाद्रीबाई ऑड्री एकट्याच मेरिअलकडे पाहत होत्या.

"ऑड्री," मेरिअल म्हणाली, "हल्ली लग्नाला कुठले दिवस बंद असतात?"

"कुठलेच नाहीत," पाद्रीबाई म्हणाल्या. "फक्त शनिवारी गाडी लावायला जागा मिळत नाही."

"मग सोमवार धरा," मेरिअल म्हणाली आणि पाद्रीबाईंनी डायरी काढली.