मातीचं अक्षर

"थोरल्याचा सदरा उसवून धाकट्याला बेतलाय, बाई," कुओक मास्तर चष्मा पुसत म्हणाले.

टेबलावर दोन पुस्तिका शेजारी शेजारी पडल्या होत्या. सत्त्याण्णवात चीनकडे परतणाऱ्या हाँगकाँगचा मंजूर कायदा, आणि नव्याण्णवात परतणाऱ्या मकावचा मसुदा. मसुद्यावर लोकांनी मत कळवायचं होतं. पोर्तुगीज प्रतही होती, पण देओलिंदा अडून बसली होती, "ज्या भाषेत राज्य करणार, त्याच भाषेत वाचा."

तिला चिनी भाषा पाळण्यापासून येत होती, बाजारात भांडण्याइतकी. वाचता मात्र येत नव्हती. शाळा पडली पोर्तुगीज नन्सची. अक्षर ठाऊक होतं ते एकच. लहानपणी दाई आ-खाम ओल्या बोटाने चुलीपाशी काढायची: जमिनीवर रोवलेला क्रूस. "ही माती. तू मातीत जन्मलेली." पोर्तुगीज बापजाद्यांच्या, चिनी अंगाईवर वाढलेल्या तिच्यासारख्या लोकांना सारं मकाव 'मातीत जन्मलेले' असंच म्हणायचं. आणि दाई गुणगुणायची,

मातीत रोवला खांब गं, माती धरी घट्ट
जाणारे जाती बोटीनं, माझा इथेच हट्ट

लिस्बनहून मुलाने, ज्युलियोने, तिकीट पाठवलं होतं. तिने कळवलं होतं, नव्या कायद्यात आपलं नाव असेल तर राहीन, नसेल तर येईन.

देओलिंदाचं बोट ओळींवरून फिरता फिरता थबकलं. "हा बघा क्रूस! आलं आमचं नाव!"

मास्तर वाकले. "बाई, इथे हे अक्षर 'जमीन' या शब्दातलं आहे. जमीन सरकारची, असं कलम आहे. थोरल्याच्या पुस्तिकेतही हेच आहे."

तिने बोट उचललं नाही. आ-खामच्या चुलीचा धूर जणू डोळ्यांत गेला.

मास्तर पानं उलटू लागले, एकदा या पुस्तिकेची, एकदा त्या. "थांबा. हे कलम हाँगकाँगला नाही, आपल्यालाच आहे. पोर्तुगीज वंशाच्या रहिवाशांचं हित जपलं जाईल, त्यांच्या चालीरीतींचा मान राखला जाईल."

"वंशाच्या?" देओलिंदा फणकारली. "माझी पणजी गोव्याची, आजी इथल्या कोळणीची लेक. ही खिम्याची मिंची कुठल्या वंशाची, मास्तर? दोनदा वाढून घेतलीत ती?"

"तिसऱ्यांदाही घेईन, पण खरं बोलेन. हे नाव तुमचं नाही."

"मग मताच्या कागदावर लिहा, शब्द बदला म्हणावं."

मास्तरांनी लिहिलं. एक जागा कोरी सोडून पेन तिच्या हाती दिलं. सत्तरीच्या बोटांनी देओलिंदाने जमीन ओढली, वर क्रूस रोवला. अक्षर जरा कलतं आलं. पुढचा 'जन्मलेले' हा शब्द मास्तरांनी पुरा केला.

"आता ज्युलियोला काय कळवणार?"

"अर्ज दिलाय म्हणून. अर्ज देणाऱ्याने उत्तर येईपर्यंत घर सोडू नये."

"उत्तर नाहीच आलं तर?"

"तर फारच छान," ती म्हणाली, आणि तिकीट मिठाच्या बरणीखाली सारून तिने मास्तरांची बशी पुन्हा भरली.