पट्टीखालची मॅट

पाचव्या नंबरचा तुकडा रविवारी सकाळी शेडच्या मागे जमिनीवर पडलेला मिळाला.

असे आठ तुकडे आम्ही मार्चमध्ये खाडीच्या बाजूला, शेडच्या आडव्या पाइपाला तारेने टांगले होते. प्रत्येक तुकडा वहीच्या पानाएवढा, कार्बन फायबरचा, विनीतने स्वतः बनवलेला. खारा वारा, ऊन आणि सबंध पावसाळा त्यांनी तिथेच काढला. महिन्यातून एकदा मी रंगपट्टी शेजारी धरून प्रत्येकाचा फोटो काढायचे आणि वहीत तीन नोंदी करायचे: पिवळेपणा, चकाकी, तडे. आठ महिन्यांत एकही पिवळा पडला नव्हता, की कुणावर एक फोड आला नव्हता.

पाचवा तुकडा मी उचलला आणि पहिल्यांदाच उलटा करून पाहिला. मागे अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी दोन बोल्टने बसवलेली होती. ती धरून ठेवणारी तार शाबूत होती, पट्टीच तुटली होती. तिच्या कडेला चुन्यासारखी पांढरी भुकटी साचली होती. मी नख लावलं तर भुकटीबरोबर पट्टीचाही कपचा निघून आला.

विनीत माझा धाकटा भाऊ. भाट्याच्या खाडीकाठची ही शेड आमच्या वडिलांची. फायबरच्या होड्यांची दुरुस्ती हे तिचं मूळ काम, आणि ते अजूनही चालतं. बॉनेटचं खूळ दोन वर्षांपूर्वीचं. विनीतचा वर्गमित्र समर्थ याने गाडीसाठी ऑनलाइन एक कार्बन फायबरचं बॉनेट मागवलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात ते चहाच्या रंगाचं झालं आणि वर बारीक भोकं दिसायला लागली. विनीतने ते करवतीने मधोमध कापलं. वर कार्बनच्या कापडाचा एकच थर होता, खाली सगळी काचेच्या धाग्यांची मॅट, म्हणजे आम्ही होडीला वापरतो तीच.

"साडी कार्बनची, परकर काचेचा," विनीत म्हणाला होता. "ताई, याच्यापेक्षा चांगलं आपण बनवू."

बनवलं. मी इथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. रेझिनचं प्रमाण, व्हॅक्यूम किती, सुकायला तापमान किती, उन्हापासून वाचवणारा वरचा थर किती जाड, हे सगळं मी कागदावर काढून दिलं. त्या कागदात एक ओळ अधोरेखित होती: बॉनेटमध्ये काच कुठेही वापरायची नाही. आमचं बॉनेट कुणी करवतीने कापलं तरी आरपार कार्बनच निघायला हवा, असं माझ्या मनात होतं.

समर्थच्या गाडीला ते मार्चमध्ये बसवलं. आतापर्यंत गाडीवर चढलेलं आमचं एकमेव बॉनेट. दुसरं अजून साच्यात होतं.

तुकडा हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. कार्बन वीज वाहून नेतो, काच नेत नाही. कार्बनला अ‍ॅल्युमिनियम टेकलं आणि वर खारट पाणी आलं की तो एक विद्युतघट होतो, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. हे मी दर वर्षी बारावीच्या वर्गात फळ्यावर काढते. आठ महिने मी तुकड्यांच्या पुढच्या बाजूचे फोटो काढत होते.

समर्थच्या बॉनेटला पुढे, जिथे ते कुलपात अडकतं, तिथे अशीच अ‍ॅल्युमिनियमची पट्टी होती. कडी तिच्यावर. कडी सुटली तर धरणारा दुसरा आकडाही तिच्यावरच. पट्टी तुटली तर वेगात वारा बॉनेट उचलून काचेवर आपटणार.

"समर्थ कुठे आहे आज?" मी विनीतला विचारलं.

तो दुसऱ्या बॉनेटच्या साच्याला मेण लावत होता. "कोल्हापूरला निघाला ना. ईशाच्या भावाचा साखरपुडा आहे. का?"

मी तुकडा पट्टीची बाजू वर करून त्याच्या हातात ठेवला. त्याने ती बोटांत दाबली आणि ती मोडली.

"याला पट्टी कुणी लावली होती?" मी विचारलं.

"मीच. बॉनेटसारखी एका तुकड्याला लावून बघत होतो, तुझ्या कागदाप्रमाणे. पट्टी थेट कार्बनवर."

समर्थने फोन तिसऱ्या वेळी उचलला. तो वाटेत साखरपा गावात चहाला थांबला होता. पुढे आंबा घाट, आणि घाटानंतर मोकळा रस्ता.

"समर्थ, श्रद्धाताई बोलतेय. गाडी पुढे नेऊ नकोस."

"मॅडम, काय झालं?" तो कॉलेजात माझा विद्यार्थी होता. तेव्हापासून मॅडमच म्हणतो.

"बॉनेटची कडी तपासायला हवी. परत ये. चाळिसाच्या वर जाऊ नकोस. निघण्याआधी एक दोरी घे आणि बॉनेट पुढच्या जाळीला बांध."

"बॉनेट तर घट्ट बसलंय."

"वरून तसंच दिसेल. ती पट्टी आतून झिजते."

मग त्याच्या बायकोचा, ईशाचा आवाज आला, फोनपासून लांब, पण स्पष्ट. "मी म्हटलं होतं ना, कंपनीचंच बॉनेट बरं होतं. दोरी आता कुठून आणायची? माझी ओढणी घेणार असशील तर आधी मला विचार."

"टपरीवाल्याकडे असेल," समर्थ म्हणाला. "येतो, मॅडम."

यायला त्याला दीड तासाच्या वर वेळ लागणार होता. विनीतने साच्यावरचं मेण पुसून टाकलं, मग पुन्हा लावायला घेतलं. मी कॉलेजच्या पिशवीतला मल्टिमीटर काढला. पाचव्या तुकड्याची कड पॉलिश पेपरने घासली, कार्बनचे धागे उघडे केले. एक टोक धाग्यांवर, दुसरं उरलेल्या पट्टीवर. दोघांमधून वीज वाहत असेल तरच मीटर वाजतो. वाजला, स्पष्ट आणि सलग. म्हणजे माझं निदान बरोबर होतं. बरोबर असल्याचं इतकं वाईट मला क्वचितच वाटलं असेल.

"सदूकाकांना बोलावतो," विनीत म्हणाला. "बॉनेट उतरवायला दोघं लागतील."

सदूकाका वडिलांच्या वेळेपासून शेडवर आहेत. मॅट कापणं, रेझिन मारणं, रोलर फिरवणं, हे काम त्यांच्या हातचं. समर्थचं बॉनेट साच्यातून काढून त्याला पट्ट्या आणि बिजागऱ्या त्यांनीच बसवल्या होत्या, कारण तेव्हा मी पेपर तपासत होते आणि विनीत माल आणायला मुंबईला गेला होता.

ते आले, तुटकी पट्टी पाहिली, मला पाहिलं आणि बाकावर जाऊन बसले. मला वाटलं, रविवारचं बोलावल्याचा राग आला असेल.

साडेबाराला गाडी आली. बॉनेटवरून निळी नायलॉनची दोरी दोनदा फिरवलेली होती. मागच्या सीटवर साखरपुड्याचं ताट लाल कागदात गुंडाळलेलं होतं. ईशा आधी उतरली, पैठणीचा काठ सावरत.

"अख्ख्या रस्त्यात लोक बघत होते," ती म्हणाली. "पालीला एकाने विचारलं, आत बकरी आहे का."

कुणी हसलं नाही. विनीतने दोरी सोडली आणि बॉनेट वर केलं.

पट्टी जागेवर होती. पांढरी भुकटी दिसली नाही. मी बोटाने दाबून पाहिली, कडी धरून ओढली. हलली नाही. पण वरून चांगलं दिसणाऱ्या गोष्टींवर आठ महिने विश्वास ठेवून झाला होता. आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी मी कड घासली. काळे धागे उघडे पडले. एक टोक धाग्यांवर ठेवलं, दुसरं पट्टीवर.

मीटर वाजला नाही.

मी दोन्ही टोकं एकमेकांना लावून पाहिली. वाजला. कड आणखी घासली, टोक दाबून धरलं. नाही वाजला. मग दोन्ही बोल्टवर. नाही.

"बिघडलाय का?" समर्थने विचारलं.

"नाही."

मी वाकून पट्टीच्या कडेशी टॉर्च धरला. पट्टी आणि काळ्या कार्बनच्या मध्ये कागदाएवढी एक फिकट रेघ होती. दुधी, किंचित हिरवट. ती मी लहानपणापासून ओळखते. होडीच्या कापलेल्या कडेला तीच दिसते.

"सदूकाका," मी म्हणाले, "पट्टीखाली काय आहे?"

"कुठं काय आहे?"

"इथे. ही रेघ."

ते बाकावरून उठले, पण जवळ आले नाहीत. "तू नको म्हटलं होतंस ते मला ठाऊक आहे गो बाय. कागद विनीतने वाचून दाखवलान होता."

"काच आहे ना ही?"

"मॅटचा एक तुकडा. पट्टीपुरता. तुझ्या बॉनेटला बाकी कुठं लावलेली नाय." मग जरा थांबून म्हणाले, "होडीला लोखंड थेट बसवत नाहीत. खाली मॅट घालायची. तुझ्या बापसानं शिकवलंन. माझा हात तसाच जातो, मी काय करू?"

"आणि बोल्ट? बोल्ट तर आरपार जातात. भोकाच्या कडेला कार्बन लागतोच."

"भोक मोठं पाडायचं. पुट्टीनं भरायचं. ती सुकली की तिच्यातून बोल्टापुरतं बारीक भोक. नायतर पाणी आत शिरतं." त्यांनी विनीतकडे पाहिलं. "याला शंभरदा सांगून झालं. याला घाई."

मी गाडीला टेकले. अख्खी सकाळ मी मान किती ताठ धरली होती, ते ती सैल पडल्यावर कळलं.

"मॅडम, म्हणजे चांगलं की वाईट?" समर्थने विचारलं.

"चांगलं. फार चांगलं. काच वीज नेत नाही. काकांनी पट्टी आणि कार्बन वेगळे ठेवले. पाचव्या तुकड्यात ते चिकटलेले होते."

"मग तुकड्याला का नाही लावलीत मॅट?" ईशाने सदूकाकांना विचारलं.

"तो यानं केलान. नि भिंतीला टांगायचा तुकडा, तो काय समुद्रात जाणार होता?"

ईशा हसायला लागली. मग समर्थ, मग विनीतही, चाकाशेजारी खाली बसून, तोंडावर हात धरून. मी हसले की नाही मला आठवत नाही. मीटर अजून माझ्या हातात होता.

"सकाळीच का नाही बोललात, काका?" मी विचारलं. "जीव अर्धा झाला आमचा."

"तू रागावशील म्हटलं. आधी कुणी मला विचारलंत?"

खरं होतं. कुणी विचारलं नव्हतं.

बिजागऱ्या राहिल्या होत्या. त्याही पाहायच्याच, असं मी म्हटल्यावर ईशाने घड्याळ पाहिलं, पण हो म्हणाली. उजवीकडचे दोन्ही बोल्ट गप्प राहिले. डावीकडचा एक गप्प राहिला. दुसरा वाजला.

सदूकाका आता जवळ आले. "हा माझा नव्हे."

"तो मी मे महिन्यात बदलला होता," विनीत म्हणाला. "बॉनेट एका बाजूने मिलिमीटरभर वर राहत होतं. भोक जरा वाढवलं."

"पुट्टी?"

विनीतने पाना उचलला.

बोल्ट काढला तर त्याच्या आट्यांवर तांबूस गंज होता, वरवरचा. तो पुसून निघाला. सदूकाकांनी भोक साफ केलं, मोठं केलं, पटकन सुकणारी पुट्टी भरली. ती सुकेपर्यंत विनीत कोपऱ्यावरून वडे आणि चहा घेऊन आला. ईशाने पदर खोचून होडीच्या उलट्या तळावर बसून वडा खाल्ला आणि भावाला फोन करून सांगितलं की मुहूर्त संध्याकाळचा आहे तो आहे, जेवणाला आमच्यासाठी थांबू नका. पुट्टी टणक झाल्यावर काकांनी बारीक भोक पाडलं, खाली मॅटचा रुपयाएवढा गोल तुकडा चिकटवला, नवा बोल्ट आवळला. मी मीटर लावला. शांत.

"दोरी राहू दे का?" समर्थने विचारलं.

"नको," ईशा म्हणाली. "मी त्या बकरीबरोबर कोल्हापुरात शिरणार नाही."

"तरी ऐंशीच्या वर नको," मी म्हणाले. गरज नव्हती, पण म्हणाले.

गाडी पुलाकडे वळेपर्यंत आम्ही तिघं पाहत होतो. ऊन बॉनेटवर पडलं होतं आणि त्यातली वीण इतक्या लांबूनही दिसत होती. मार्चमध्ये होती तशीच, काळी आणि स्वच्छ.

मग मी शेडच्या भिंतीवरचा माझा कागद काढला. अधोरेखित ओळ खोडली. तिच्या जागी लिहिलं: प्रत्येक धातूखाली काचेची मॅट, प्रत्येक भोक मोठं पाडून पुट्टीने भरून मगच बोल्ट. उरलेले सात तुकडे काढून सगळे उलटे करून पाहिले. धातू फक्त पाचव्यालाच होता. आणखी एक, नववा तुकडा करून त्याला काकांच्या पद्धतीने पट्टी लावायची, असंही लिहिलं, आणि त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढायचे.

सदूकाका घरी जायला निघाले होते.

"काका, पाच मिनिटं बसा," मी म्हणाले. "कागदात नाही असं आणखी काय काय करता तुम्ही?"

त्यांनी संशयाने माझ्याकडे पाहिलं. "रागावणार नाय ना?"

"नाही."

ते बसले. मी वहीचं नवं पान उघडलं. रेझिनचा डबा उघडण्याआधी ते तो पालथा करून ठेवतात, इथपासून सुरुवात झाली. दमट हवेत ते रोलर कसा धरतात, साच्याच्या कोपऱ्यात कापडाला चीर कुठे देतात, पश्चिमेकडून वारा असेल तर शेडचं कुठलं दार बंद करतात. काही गोष्टींचं कारण मला लगेच कळलं. काहींचं नाही, तिथे मी समासात प्रश्नचिन्ह केलं. संध्याकाळी, तिसऱ्या पानावर असताना, फोन वाजला. समर्थचा मेसेज होता.

पोचलो. बॉनेट जागेवर आहे.

मी तो काकांना वाचून दाखवला.

"जागेवर नसून जातंय कुठं," ते म्हणाले. "हां, तर पुट्टी. पुट्टीत मी थोडी कापसाची भुकटी घालतो. लिहिलंस?"